फॉर्म छापून आल्यावर आम्हाला विचारून काय फायदा?

मागच्या अंकात याच पानावर एक सवाल टाकला होता, की आरोग्यावर संशोधन करणारे लोक गावात येतात, रक्त नेतात, फॉर्म भरून नेतात, पण संशोधन कशावर करायचं आणि कसं करायचं हे गावाला विचारायला मात्र का कचरतात. त्यावर पत्रं आली, व्हॉट्सअ‍ॅप आले, एकाने तर साडेआठ मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवला (ऐकला हो, पूर्ण ऐकला). सगळं छापणं शक्य नाही म्हणून पाच निवडले. नावं कोणाचीच देत नाही.

प्रश्न : मॅडम, आमचं गाव तेल्हारा तालुक्यात, खारपाणपट्ट्यात येते, म्हणजे जमिनीतलं पाणीच खारं. गावात किडनीचे पेशंट वाढून राहिले, डायलिसिससाठी अकोल्याच्या चकरा सुरू आहेत. मागच्या साली एका कॉलेजची टीम आली, चांगली पोरं होती, रक्त घेतलं, बीपी मोजला. पण सगळे प्रश्न शुगर, बीपी, तंबाखू, दारूचे. मी त्यांच्या सरांले म्हटलं, पाण्याचं काऊन नाही विचारत? ते म्हणे आहे ना काका, ‘घरी पिण्याचं पाणी कोठून येते’ असा प्रश्न आहे. सगळ्यांनी सांगितलं नळ. अहो पण आम्ही दिवसभर घरी असतो का? वावरातल्या बोअरचं पाणी कोण विचारन? तर म्हणे फॉर्म आता बदलता येत नाही. काऊन नाही येत? अन आधीच आम्हाला विचारलं असतं तर यांचं काय गेलं असतं?

उत्तर : काका, आधी त्या सरांची बाजू सांगते, कारण ते खोटं बोलले नाहीत. असा अभ्यास सुरू करण्याआधी पूर्ण आराखडा, फॉर्मसकट, कॉलेजच्या एथिक्स कमिटीकडून (अभ्यासात लोकांवर अन्याय तर होत नाही ना हे तपासणारी समिती) मंजूर करून घ्यावा लागतो आणि मधेच एक प्रश्न वाढवायचा म्हटलं तरी पुन्हा कमिटीकडे जावं लागते. शिवाय अर्ध्या गावाला एक फॉर्म आणि अर्ध्या गावाला दुसरा झाला तर आकडे एकमेकांशी जुळवता येत नाहीत. आणि बीपी-शुगरचे प्रश्न फालतू नाहीत, किडनी खराब होण्याची ती दोन सगळ्यात मोठी माहीत असलेली कारणं आहेत, ते विचारावंच लागते.

पण तुम्ही जे दाखवलं ते फार मोठं आहे आणि ते सरांच्या लक्षात यायला पाहिजे होतं. कापूस वेचायला किंवा निंदायला गेलेला माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत जे पाणी पितो ते वावरातल्या बोअरचं नाहीतर विहिरीचं, प्लास्टिकच्या कॅनमध्ये भरलेलं, उन्हात तापलेलं. घरी येऊन पितो दोन-चार गिलास. म्हणजे फॉर्मवर ‘नळ’ लिहिलं गेलं, कॉम्प्युटरमध्ये ‘नळ’ गेलं आणि उद्या पेपरात छापून येईल की पाण्याचा आणि किडनीचा संबंध आढळला नाही. आढळणार कसा? आंध्रातलं उद्दानम, श्रीलंकेचा उत्तर-मध्य भाग, मध्य अमेरिकेतले ऊसतोड मजूर, या सगळ्या ठिकाणी शेतात राबणाऱ्या लोकांच्या किडन्या बीपी-शुगर नसतानाही जातात असं दिसलं आहे, आणि तिथे पाणी, उन्हातलं काम, फवारणीची औषधं या सगळ्यांवर संशय आहे पण कारण अजून पक्कं झालेलं नाही. तुमच्या गावातही तेच आहे असं मी म्हणत नाही. मी इतकंच म्हणते की जो प्रश्न विचारलाच नाही त्याचं उत्तर ‘नाही’ असं धरता येत नाही.

आता ‘यांचं काय गेलं असतं’. या गोष्टीचा अभ्यास इंग्लंडात बराच झालेला आहे. तिथे १९९६ पासून सरकारी पैशाने ‘इन्व्हॉल्व्ह’ नावाचा गट होता, त्याचं कामच हे की आरोग्य संशोधनात सामान्य लोकांना, पेशंटला सुरुवातीपासून सोबत घ्यावं, आणि आता तिथल्या मुख्य सरकारी फंडासाठी अर्ज करताना तुम्ही लोकांना कसं सामील करणार हे लिहावंच लागते. मग संशोधकांच्या मुलाखती झाल्या की बाबा तुम्हाला मनातून काय वाटते. तर तोंडावर नको कोणीच म्हणत नाही, तत्त्व सगळ्यांना मान्य. पण खोदून विचारलं की निघते, वेळ जातो, पैसा जातो, लोकांना सायन्सची भाषा कळत नाही, मीटिंगला येतात ते चार लोक काही सगळ्यांचे प्रतिनिधी नसतात, आणि जरा हळू आवाजात, की अभ्यास आपल्या हातातून सुटेल. काही जण प्रामाणिकपणे सांगतात की फंड देणारे मागतात म्हणून तो रकाना भरतो. बाकी काहींचा अनुभव उलटा, लोक आले म्हणून अभ्यासच सुधारला. म्हणजे काका, तिथेही हेच आहे, फक्त तिथे रकाना भरावा लागतो आणि आपल्याकडे बहुतेक वेळा तो रकानाच नसतो. आयसीएमआरच्या, म्हणजे आरोग्य संशोधनाच्या केंद्रीय सरकारी संस्थेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये समाजाला सोबत घ्यायचं लिहिलेलं आहे, पण लिहिलेलं आणि झालेलं यात अंतर आहे.

तुमच्या शेजारच्या शेगाव तालुक्यातलं ताजं आठवा ना. डिसेंबर २०२४-जानेवारी २०२५ मध्ये गावंच्या गावं लोकांचे केस गळायला लागले, हाताने ओढला की पुंजका हातात. कोणी शॅम्पू म्हणालं, कोणी बुरशी म्हणालं, पाण्यात नायट्रेट जास्त निघालं, आयसीएमआरची टीम येऊन नमुने घेऊन गेली, पुढे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. अशा वेळी सगळ्यात पहिला प्रश्न मी हा ठेवला असता, की बाई तुला काय वाटते, त्या महिन्यात घरात नवीन काय आलं होतं, आणि ज्यांचे केस नाही गेले ते काय वेगळं खातात? हे घरातल्या बाईइतकं कोणालाच माहीत नसते.

पुढच्या वेळी टीम आली की फॉर्म भरायच्या आधी म्हणा, ग्रामसभेत येऊन सांगा काय शोधून राहिले, प्रश्नांची यादी आम्हाला आधी वाचून दाखवा, आणि निकाल लागला की पुन्हा येऊन सांगायचं कबूल करा. याला कोणतीही टीम सहसा सरळ नाही म्हणत नाही. आणि म्हणाली तर सही न करायचा हक्क तुमचा आहेच, त्यासाठी कारणही द्यावं लागत नाही.

प्रश्न : मी धारणी तालुक्यात आशा आहे. कोणताही सर्वे आला की आम्हालाच घेऊन फिरतात. घर दाखवा, बाईला बोलवा, त्यांना कोरकू येत नाही म्हणून प्रश्नही आम्हीच विचारायचे. पण प्रश्न बरोबर आहे का हे आम्हाला कोणी विचारत नाही. ‘बाळाच्या पोटावर चटके दिले का’ असं पहिल्याच भेटीत विचारलं तर कोणती माय हो म्हणन? दिलेले असले तरी नाही म्हणते. मग आमच्या गावात चटके बंद झाले असं कागदावर येते. आणि दिवसभर फिरून आमच्या हातात चहा-बिस्कीट.

उत्तर : ताई, आधी पैशाचं. आशाकडून काम घ्यायचं असेल तर संशोधनाच्या बजेटमध्ये तुमचं मानधन पाहिजे, चहा-बिस्कीट हे मानधन नव्हे. टीमला पहिल्याच दिवशी विचारा, लाजू नका, त्यांच्या गाडीचं डिझेल बजेटमध्ये असते आणि तुमचे पाय नसतात हे बरोबर नाही.

दुसरं, तुम्ही आज बाळंतिणीच्या घरी ज्या भेटी देता, तिसऱ्या दिवशी, सातव्या, चौदाव्या असं बेचाळीसाव्या दिवसापर्यंत, ते एचबीएनसी, म्हणजे घरी जाऊन नवजात बाळाची काळजी, कुठून आलं माहीत आहे ना? आपल्याच विदर्भातून. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं, बाळाचं वजन, श्वास मोजणं, जंतुसंसर्ग ओळखणं, इंजेक्शनसुद्धा. मोठे मोठे लोक म्हणत होते की सातवी-आठवी शिकलेली बाई नवजात बाळाचा न्यूमोनिया काय ओळखणार. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या डॉक्टरांच्या नामांकित इंग्रजी मासिकात निकाल छापून आला, नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. २०११ पासून तेच देशभर आशांच्या हातात आलं. तेव्हा तुम्हाला ‘फक्त घर दाखवा’ म्हणणाऱ्या डॉक्टरला हे खुशाल ऐकवा.

चटक्यांचं तुम्ही म्हणता तसंच आहे. तो प्रश्न शेवटी पाहिजे, भुमकाकडे (गावातल्या वैदूकडे) गेली होती का, त्याने काय सांगितलं, आजी काय म्हणाली, असं फिरून यायला पाहिजे, आणि हे कोरकू बोलणारी बाईच ठरवू शकते. तुमच्यासारख्या चार आशांना एक दिवस बसवून फॉर्म वाचून घेतला असता तर काम झालं असतं. त्या एका दिवसासाठी वेळ नाही म्हणतात आणि मग चुकीच्या आकड्यांवर वर्षभर बसतात.

प्रश्न : मी कम्युनिटी मेडिसिनला एमडी करतेय, विषय फवारणीतली विषबाधा. मला थिसिसच्या आधी मजुरांसोबत बसून फॉर्म बनवायचा होता. गाईड म्हणाले, ‘असं केलं की बायस येतो (म्हणजे निष्कर्ष एका बाजूला झुकतो), आणि सिनॉप्सिसची, म्हणजे थिसिसचा आराखडा द्यायची, तारीख जवळ आहे, आधीच्या थिसिसमधला फॉर्म घे.’ सर वाईट नाहीत, पण मला पटत नाहीये. काय करू?

उत्तर : गाईडशी भांडू नको, थिसिस पूर्ण व्हायचा आहे तुझा. पण बायसचं सर जे म्हणतात त्यात दोन गोष्टी मिसळल्या गेल्यात. ज्याच्यावर मोजमाप करायचं त्याला आपल्याला कोणतं उत्तर पाहिजे हे आधीच कळलं तर बायस येतो, हे खरं. पण काय मोजायचं, कोणत्या शब्दांत विचारायचं हे लोकांसोबत बसून ठरवल्याने बायस येत नाही, उलट जो आधीपासून आहे तो निघतो. संधिवाताच्या संशोधनाचं उदाहरण सरांना दे. जगभरचे तज्ज्ञ कित्येक वर्षं सुजलेले सांधे मोजत होते, रक्तातला ईएसआर (सूज दाखवणारी तपासणी) मोजत होते. औषधांच्या चाचण्यांमध्ये काय मोजायचं हे ठरवणाऱ्या ‘ओमेरॅक्ट’ नावाच्या गटाने २००२ मध्ये पहिल्यांदा पेशंटना बैठकीत बसवलं, तर पेशंट म्हणाले आमचा खरा त्रास थकवा आहे, अंगात त्राणच राहत नाही, ते तर तुमच्या यादीत नाहीच. मग थकवा मोजणं सुरू झालं. गुडघेदुखीवर २००० मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच एक अभ्यास आला होता, त्यात दिसलं की संशोधन बहुतेक गोळ्यांवर आणि पेशंटना पाहिजे होती व्यायाम, ऑपरेशन आणि दुखणं कसं सांभाळायचं याची माहिती. या मासिकांची नावं ऐकली की गाईड लोक जरा मऊ होतात, अनुभवाने सांगते. ‘बीएमजे’ हे इंग्लंडातलं डॉक्टरांचं मासिक तर २०१४ पासून पेपर पाठवणाऱ्यांना विचारते की पेशंटना तुम्ही कसं सामील केलं ते लिहा. सरांना पेपर छापायचा असेलच.

आता तुझ्या विषयाचं. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या वर माणसं गेली, तेव्हापासून या विषयावर फॉर्म पुष्कळ फिरले. जुन्या फॉर्ममध्ये काय असते? ‘फवारणी करता का, हो/नाही. सुरक्षा किट वापरता का, हो/नाही. तंबाखू, हो/नाही.’ तू एक संध्याकाळ मजुरांच्या ओट्यावर जाऊन बस आणि फक्त विचार की फवारणीचा दिवस सकाळपासून सांगा. तुला कळेल की औषध बाटलीच्या झाकणाने मोजतात, दोन-तीन औषधं एकत्र करून मारतात, पंप पाठीवर गळतो आणि सदरा दिवसभर ओला राहतो, किट घातलं तर ऑक्टोबरच्या उन्हात माणूस उकडून निघतो. कळेल की मधल्या सुट्टीत त्याच हाताने खर्रा खाल्ला जातो, तेव्हा ‘तंबाखू हो/नाही’ या प्रश्नाने काही हाती लागत नाही, खर्रा कधी आणि हात धुवून की न धुता, हे विचारावं लागते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाणी आणून देणारी, ड्रममध्ये औषध कालवणारी बाई असते, ती ‘फवारणी करता का’ला नाही म्हणते कारण पंप नवऱ्याच्या पाठीवर आहे. तुझ्या थिसिसमध्ये ती बाई विषाच्या संपर्कात न आलेल्या गटात जाऊन बसेल आणि सगळं गणित बिघडवेल.

सरांना म्हण, सर फॉर्म तुमचाच ठेवू, पण सबमिट करायच्या आधी दोन संध्याकाळी लोकांना वाचून दाखवते आणि काय बदललं ते मेथडमध्ये लिहिते. पायलट टेस्टिंग तसंही करावंच लागते, त्यातच बसते हे. तारीखही हुकत नाही.

आणि मजुरांना संध्याकाळीच भेट, दिवसा बोलावलंस तर मजुरी बुडते. बुडणारच असेल तर भरून दे, वेळेचा आणि प्रवासाचा मोबदला द्यायला नियमांची आडकाठी नाही, फक्त एथिक्स कमिटीला आधी सांगायचं.

प्रश्न : मी नागपूरचा निवृत्त प्राध्यापक, तीस वर्षं खेड्यांत संशोधन केलं. लोकसहभाग ही सध्याची फॅशन आहे असं माझं स्पष्ट मत आहे. अ‍ॅनिमियाच्या एका प्रकल्पात आम्ही गावाची बैठक घेतली होती. सरपंच, पोलीस पाटील आणि दोन ठेकेदार आले. महिला दाराशी उभ्या. चर्चा काय, तर घरकुल आणि नाली. शास्त्रीय प्रश्न लोकांनी ठरवायचे असतील तर आम्ही शिकलो कशासाठी?

उत्तर : सर, इतकं स्पष्ट लिहिलंत त्याबद्दल खरंच आभार, कारण बहुतेक लोक मनात हेच ठेवतात आणि सेमिनारमध्ये लोकसहभागावर भाषण देतात. तुमची तक्रार अर्धी खरी आहे. बैठकीला येतात ते गाव नसते. पण बैठक कोणत्या महिन्यात, किती वाजता होती ते तुम्ही लिहिलं नाही. सोयाबीन काढणीत किंवा कापसाच्या वेचणीत सकाळी अकराला बोलावलं तर ठेकेदारच येणार ना, दुसरं रिकामं कोण आहे! बायांशी बोलायचं तर बचत गटाच्या बैठकीत आपण जायचं, त्यांना पंचायतीच्या हॉलमध्ये बोलावायचं नाही. वस्ती-वस्तीत वेगळं बसायचं, कारण सरपंचासमोर मजूर बोलत नाही.

आणि नालीचं म्हणाल तर मला ते विषय सोडून वाटत नाही. अनवाणी पायांनी घाणीतून चालणं, त्यातून अंकुशकृमी, त्यातून रक्त कमी होणं, हे तुम्हीच आम्हाला शिकवलेलं असणार. गडचिरोलीसारख्या भागात मलेरियानेही रक्त कमी होते आणि डास साचलेल्या पाण्यावरच वाढतो. लोक आपल्या भाषेत अ‍ॅनिमियावरच बोलत असतील कदाचित.

तुमचं शिक्षण वाया कुठे जाते सर? सॅम्पल किती घ्यायचं, तुलना कशाशी, आकडेमोड कशी, हे लोकांनी ठरवावं असं कोणीच म्हणत नाही. १९८९ मध्ये राणी बंगांचा जो अभ्यास आला, वसा आणि अमिर्झा या गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० बायांचा, त्यात ९२ टक्के बायांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास निघाला आणि आधी कधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के होत्या. पद्धत पूर्ण शास्त्रीय होती. पण गावातल्या बायांचा विश्वास नसता तर त्या अभ्यासात किती जणी तपासणीला आल्या असत्या? नंतर बंगांनी आदिवासींना विचारलं की दवाखाना कसा पाहिजे, तर लोकांनी झोपड्यांसारखा, नातेवाईक सोबत राहू शकतील असा मागितला आणि नाव दंतेश्वरी देवीचं सुचवलं. ज्या जिल्ह्यात मेंढा-लेखासारखं गाव अभ्यासगट चालवते आणि सर्वसहमतीशिवाय निर्णय घेत नाही, तिथल्या लोकांना संशोधन कळत नाही हे मला मान्य नाही.

फॅशनचं मात्र पटलं. ठरवून सगळं झाल्यावर एक बैठक, फोटो, हजेरीपटावर सह्या, आणि रिपोर्टमध्ये ‘लोकसहभाग घेतला’. पत्रिका छापून झाल्यावर मुलीला पसंती विचारावी तसा हा प्रकार. असला सहभाग करण्यापेक्षा न केलेला बरा, निदान लोकांचा दिवस तरी वाचतो.

प्रश्न : ताई, आमच्या गावात (कुरखेडा तालुका) सिकलसेलची तपासणी झाली. तुम्ही म्हणता निकाल गावाला सांगा. आमच्याकडे एका जणाने सभेत नावं वाचून दाखवली, कोण एएस, कोण एसएस. आता माझ्या बहिणीचं जमलेलं लग्न अडून राहिलं. हेच का लोकांना सामील करणं?

उत्तर : नाही, अजिबात नाही, आणि ज्याने वाचली त्याने मोठी चूक केली. गावाला सांगायची ती बेरीज, इतक्या लोकांची तपासणी झाली, इतके वाहक, इतके आजारी, आता पुढे काय करणार. कोणाचं काय निघालं ते फक्त त्या माणसाला, लहान असेल तर आईबापाला, बंद खोलीत. नमुना देताना जे संमतीपत्र असते त्यात गुप्ततेची कबुली असते, ती मोडली गेली आहे. त्या कागदावर मुख्य संशोधकाचा आणि एथिक्स कमिटीचा नंबर असायला पाहिजे आणि कागदाची एक प्रत तुम्हाला मिळायला पाहिजे होती. तिथे लेखी तक्रार करा, कमिटीला त्याची दखल घ्यावी लागते.

बहिणीचं काय निघालं ते तुम्ही लिहिलं नाही, बरंच केलं. एएस असेल तर ती आजारी नाही, वाहक आहे, सहसा काही त्रास होत नाही. प्रश्न येतो तो मुलगाही एएस असला तर, तेव्हा प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस, म्हणजे आजारी, असण्याची शक्यता चारात एक असते. म्हणजे मुलाची तपासणी झाली पाहिजे, लग्न मोडायची घाई नको. मुलाकडच्यांना घेऊन पीएचसीत जा, समुपदेशक असेल त्या दिवशी जा, आणि सभेत नाही, आत बसून बोला. संमतीपत्राची प्रत घरी सापडत नसेल तर तिथेच मेडिकल ऑफिसरला टीम कोणाची होती ते विचारा, अशा टीम सहसा त्यांना कळवूनच गावात येतात.